मक्केचे मुफ्ती : अता बिन अबी रबाह (रहि.)



विरारहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये अपंग प्रवाशांसाठी राखीव असलेला डबा आपण पाहिला असेल. कुबडी काखेत धरलेला एखादा तरुण, पांढरी काठी टेकत येणारा एखादा प्रौढ, पायाला लोखंडी आधार बांधलेली एखादी विद्यार्थिनी, अशी माणसे विरार, नालासोपारा, वसई या स्थानकांवर रोज त्या डब्यात चढतात आणि आपापल्या कामाला जातात. गर्दीशी त्यांचा झगडा असतो, पण आपल्याला कोणी पाहील याची त्यांना धास्ती नसते.

आता आपल्याच वस्तीतील एखाद्या घरात डोकावून पाहा. मुलीसाठी स्थळ आले आहे, पाहुणे यायचे आहेत, आणि तिच्या धाकट्या भावाला, जो जन्मापासून नीट चालू शकत नाही, त्याला तेवढ्या वेळापुरते शेजारच्या घरी पाठवलेले आहे. यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. आईच्या डोळ्यांत पाणीच असते. पण पाहुणे आले की आपण दिसायचे नसते, हा धडा त्या मुलाला कोणी न शिकवताही पाठ होतो. अशा मुलांचे आईवडील कधी कधी दबक्या आवाजात विचारतात की ही आमच्या कुठल्या गुन्ह्याची शिक्षा आहे? या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत देता येईल, परंतु अशा उत्तराने कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही. म्हणून आज आपल्यासमोर एका माणसाचे जीवन ठेवत आहे. ज्या सोपाऱ्याला अरब भूगोलकार सुबारा म्हणून ओळखत, त्याच किनाऱ्यावर आपण राहतो. समुद्रापलीकडच्या ज्या पवित्र नगरीकडे आपण दिवसातून पाच वेळा मुख करतो, त्या मक्केतील हा माणूस होता.

त्यांचे नाव अता. अरबी भाषेत अता म्हणजे देणगी.

आदरणीय अता बिन अबी रबाह (रहि.) यांचा जन्म हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळात, हिजरी २७ च्या सुमारास, यमनमधील जनद या गावी झाला. ते वाढले मात्र मक्केत. पित्याचे नाव अस्लम. आई कृष्णवर्णीय होती आणि तिचे नाव बरका असे चरित्रग्रंथांत येते. कुरैशांच्या फिहरी शाखेतील एका घराण्याचे ते मौला होते, म्हणजे गुलामीशी ज्यांचा संबंध अगदी जवळचा, असे. ज्या समाजात माणसाची ओळख त्याच्या वंशावळीपासून सुरू होई, त्या समाजात या मुलाकडे सांगण्यासारखी वंशावळ नव्हती.

आणि शरीर? चरित्रकारांनी त्यांच्या शरीराचे वर्णन अगदी मोकळेपणाने केले आहे. वर्ण काळा, नाक चपटे, एक डोळा निकामी, एक हात अधू आणि पायाने लंगडे. उतारवयात दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली आणि ते पूर्ण अंध झाले. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या काळात मक्केत ज्या लढाया झाल्या, त्यांत त्यांचा हात गेला, असेही एक कथन आहे. या साऱ्या गोष्टी चरित्रकार एका ओळीत मोजतात, आणि पुढच्याच ओळीत सांगतात की ते विश्वासार्ह होते, धर्मशास्त्राचे जाणकार होते आणि त्यांच्याकडून पुष्कळ हदीस कथन झाल्या आहेत. दोन ओळींच्या मध्ये ‘तरीही’ हा शब्द नाही. आपण मात्र अशा माणसाविषयी बोलताना तो शब्द हमखास घालतो.

येथे थोडे विषयांतर करतो. हदीसच्या सनदींत आपल्याला अल्-अअरज हे नाव वारंवार भेटते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीस पुढे पोहोचवणारे हे थोर विद्वान, आणि अअरज म्हणजे लंगडा. कूफ्याचे अल्-अअमश हे असेच थोर विद्वान, आणि अअमश म्हणजे ज्याचे डोळे अधू आहेत व पाझरतात असा. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे, मग ही नावे कशी चालली, असे आपण विचाराल. विद्वानांनी याचे उत्तर दिले आहे. ओळख पटवण्यापुरते, आणि हिणवण्याचा हेतू नसेल तरच, असे नाव घेता येते. हिणवण्यासाठी घेतले तर ते पाप होय. आपल्या मोहल्ल्यात लंगडा, काणा, बहिरा अशा ज्या हाका ऐकू येतात, त्या यांतील कोणत्या प्रकारात मोडतात, हे हाक मारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. अता (रहि.) यांच्याविषयी नवल असे की त्यांच्या शरीरात इतकी व्यंगे असूनही त्यांतील एकही त्यांच्या नावाला चिकटले नाही.

असा हा मुलगा मक्केच्या हरममध्ये जाऊन बसू लागला. त्या काळी हरममध्ये हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांची शिकवणी भरत असे. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलत बंधू आणि दिव्य कुरआनचे सर्वांत मोठे भाष्यकार. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांचीही दृष्टी गेली होती. हजरत आयशा (रजि.), हजरत अबू हुरैरा (रजि.), हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) अशा अनेक सहाबींकडूनही अता (रहि.) यांनी ज्ञान घेतले; परंतु त्यांचे खरे घडणे झाले ते इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सहवासात. या सहवासातील एक प्रसंग सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत नोंदलेला आहे, आणि तो सांगणारे स्वतः अता (रहि.) आहेत.

एके दिवशी गुरूंनी त्यांना विचारले की तुला स्वर्गवासीयांपैकी एक स्त्री दाखवू का? अता (रहि.) यांनी अर्थातच होकार दिला. गुरूंनी जिच्याकडे निर्देश केला, ती एक काळी स्त्री होती. मग त्यांनी तिची हकिगत सांगितली. या स्त्रीला अपस्माराचे, म्हणजे आपण ज्याला मिरगी म्हणतो त्याचे, झटके येत. झटका आला की ती खाली कोसळे आणि तिचे कपडे अस्ताव्यस्त होत. ती आदरणीय प्रेषितांकडे (स.) गेली आणि अल्लाहजवळ आपल्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती तिने केली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले. तिची इच्छा असेल तर तिने धीर धरावा आणि तिला स्वर्ग मिळेल. तिची इच्छा असेल तर ती बरी व्हावी म्हणून ते प्रार्थना करतील. तिने धीर धरणे निवडले. पण ती एवढ्यावरच थांबली नाही. झटक्यात आपले अंग उघडे पडते, ते पडू नये एवढी प्रार्थना मात्र करावी, असे तिने म्हटले. आणि प्रेषितांनी (स.) तशी प्रार्थना केली.

या प्रसंगावर पुष्कळ प्रवचने होतात आणि बहुतेकांत धीराचे महत्त्व सांगून विषय संपतो. मला वाटते, आपण तिच्या दुसऱ्या विनंतीपाशी जरा थांबले पाहिजे. आजार तिने पत्करला. लाज पत्करली नाही. आपल्या शरीराचे काय सोसायचे आणि काय सोसायचे नाही, यांतील सीमारेषा तिने स्वतः आखली आणि ईश्वराच्या प्रेषितांसमोर ती स्पष्टपणे मांडली. प्रेषितांनीही (स.) तिला असे म्हटले नाही की एकदा धीर धरलास, आता आणखी काय मागतेस! उपचार करू नये असाही याचा अर्थ मुळीच नाही, कारण औषधोपचार करण्याची आज्ञा प्रेषितांनीच (स.) दिलेली आहे. परंतु जे व्यंग जाणारे नसते, त्याच्यासह जगताना माणूस कशासाठी आग्रह धरू शकतो, हे त्या स्त्रीने दाखवून दिले.

आता त्या दृश्याचा विचार करा. गुरू आहेत कुरैशांतील सर्वश्रेष्ठ घराण्याचे. शिष्य आहे काळा, एका डोळ्याचा, लंगडा, वंशावळ नसलेला. मक्केत स्वर्गवासी म्हणून बोट दाखवावे अशी माणसे काही कमी नव्हती, आणि गुरूंनी त्यांतून निवडली ती एक काळी, व्याधिग्रस्त स्त्री. यामागे गुरूंचा काही विशेष हेतू होता असे कोठे लिहिलेले नाही, म्हणून तसा दावा मी करणार नाही. पण शिष्याच्या मनावर तो प्रसंग कायमचा कोरला गेला, हे निश्चित. याच अता (रहि.) यांचे आणखी एक छोटेसे कथन बुखारीत आहे. त्या स्त्रीचे नाव उम्मे जुफर होते, ती उंच आणि काळी होती, आणि काबागृहाच्या पडद्यापाशी आपण तिला पाहिले, असे ते सांगतात. तिची उंची त्यांच्या लक्षात राहिली, तिचे नाव राहिले, ती कोठे होती हेही राहिले.

वर्षे लोटली. प्रश्न विचारायला आलेल्या मक्कावासीयांना इब्ने अब्बास (रजि.) सांगू लागले की तुमच्यात अता असताना तुम्ही माझ्याभोवती का जमता? इब्ने उमर (रजि.) मक्केत आले असता लोकांनी त्यांच्यापुढे प्रश्नांची रास मांडली, तेव्हा त्यांनीही असेच आश्चर्य व्यक्त केले. हिजरी ६८ मध्ये इब्ने अब्बास (रजि.) यांचे ताइफ येथे निधन झाले. पुढे मक्केच्या मुफ्तीपदी अता (रहि.) आले. उमय्या राजवटीत हजच्या दिवसांत दवंडी पिटली जाई की अता यांच्यावाचून कोणीही लोकांना फतवा देऊ नये. जगभरातून आलेल्या हाजींच्या त्या महासागरात, चालताना ज्याचा पाय ओढला जाई अशा माणसाला शोधत लोक येत.

त्यांचे राहणे कसे होते? त्यांचे शिष्य इब्ने जुरैज यांनी सांगितले आहे की सुमारे वीस वर्षे हरमची फरशी हेच त्यांचे अंथरूण होते. अंगावरचे कपडे पाच दिरहमांच्याही मोलाचे नसत. ते फार वेळ मौन बाळगत, आणि बोलू लागले की ऐकणाऱ्यांना वाटे, यांना वरून साहाय्य मिळत आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर मला ठाऊक नाही असे सरळ सांगत. मग आपले मत तरी द्या, असा आग्रह झाला तर म्हणत की माझ्या मताला पृथ्वीवर धर्म मानले जावे, याची मला अल्लाहसमोर लाज वाटते. एखादा तरुण उत्साहाने हदीस सांगू लागला तर ते अशा तन्मयतेने ऐकत, जणू ती पहिल्यांदाच कानावर पडत आहे. वास्तविक त्या तरुणाच्या जन्माआधीपासून ती त्यांना पाठ असे. ज्याला स्वतःच्या मानापमानाची सतत चिंता असते, त्याला असे ऐकणे जमत नाही.

त्यांचे विशेष प्रभुत्व होते ते हजच्या विधींवर. त्यांनी ७० हून अधिक हज केल्याचे सांगितले जाते. आपल्या भागातून हजला जाणारे लोक निघण्यापूर्वी प्रशिक्षण शिबिराला बसतात, हे आपण पाहतोच. पूर्वी, १९९५ पर्यंत, मुंबईहून जहाजाने जाणाऱ्या हाजींना समुद्रावरच्या दिवसांत एकमेकांकडून हे विधी शिकून घ्यायला अवधी मिळे. तवाफ कसा करावा, सई कशी करावी, केस केव्हा उतरवावेत, या बारकाव्यांचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पुढे आले, त्याच्या मुळाशी ज्यांचे परिश्रम आहेत, त्यांत अता (रहि.) यांचे नाव अग्रभागी आहे.

याविषयी एक मनोरंजक हकिगत इमाम अबू हनीफा (रहि.) यांच्या नावे सांगितली जाते. हनफी पंथाचे हे महान इमाम हजला गेले असता केस उतरवण्यासाठी एका न्हाव्याकडे गेले. किती घेशील, असे त्यांनी विचारले, तेव्हा न्हाव्याने सांगितले की उपासनेच्या विधीत घासाघीस करायची नसते, बसा. इमाम बसले, तर त्याने त्यांचे तोंड किब्ल्याकडे करायला लावले. त्यांनी डोक्याची डावी बाजू पुढे केली, तर त्याने उजवी मागितली. ते गप्प बसले होते, तर तकबीर म्हणत राहा असे सांगितले. काम झाल्यावर ते उठून निघाले, तर आधी दोन रकात नमाज अदा करा असे बजावले. इमाम थक्क झाले आणि हे तू कोठून शिकलास, असे त्यांनी विचारले. अता बिन अबी रबाह यांना असे करताना मी पाहिले आहे, असे तो उत्तरला. अता (रहि.) यांच्याहून श्रेष्ठ माणूस आपण पाहिला नाही, असे पुढे इमाम अबू हनीफा (रहि.) म्हणत असत. न्हाव्याने त्यांच्याकडे पाहिले ते विधी शिकण्यासाठी. लंगड्या पायाने तवाफ करणाऱ्या माणसाकडे पाहून तो न्हावी तवाफ शिकला असेल, तर त्या पायाकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिले असेल?

राजेरजवाड्यांच्या गोष्टी आपल्याकडे अधिक आवडीने सांगितल्या जातात, म्हणून एक सांगतो. उमय्या खलीफा सुलैमान बिन अब्दुल मलिक हिजरी ९७ मध्ये हजला आला. हजविषयी त्याला काही विचारायचे होते, म्हणून आपल्या दोन मुलांसह तो अता (रहि.) यांच्याकडे आला. ते नमाज पढत होते. खलीफा बसून राहिला. नमाज झाल्यावर त्याने एकेक प्रश्न विचारला, अता (रहि.) यांनी एकेकाचे उत्तर दिले आणि मग त्याच्याकडे पाठ केली. परतताना खलीफाने मुलांना सांगितले की ज्ञानार्जनात आळस करू नका, या काळ्या दासासमोर आपल्याला जे नमावे लागले ते मी कधी विसरणार नाही. प्रवचनांत ही गोष्ट ज्ञानाच्या गौरवासाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. पण खलीफाच्या तोंडचे शब्द नीट पाहा. अजूनही त्याला समोर दिसतो तो काळा दासच. खलीफाची नजर अता (रहि.) बदलू शकले नाहीत, आणि ती बदलण्यासाठी ते थांबलेही नाहीत. त्यांच्याकडे शंका विचारायला आणखी माणसे येत होती.

हिजरी ११४ मध्ये, काहींच्या मते ११५ मध्ये, मक्केत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ८८ होते असे एक मत आहे. अखेरच्या काळात शरीर पार थकले होते, तरीही नमाजात उभे राहून ते सूरह बकरहच्या दोनशे आयती पढत आणि त्या वेळी त्यांच्या शरीराचा कोणताही भाग हलत नसे, असे इब्ने जुरैज यांनी सांगितले आहे. सीरियाचे इमाम औजाई (रहि.) म्हणत की अता गेले तेव्हा ते लोकांच्या दृष्टीने पृथ्वीवरील सर्वांत प्रिय मनुष्य होते.

त्यांच्या उतारवयातील एक हकिगत मुद्दाम शेवटी ठेवली आहे. खुरासानचे एक विद्वान, त्यांचेही नाव अताच, आपला तरुण मुलगा उस्मान याच्यासह खलीफा हिशाम बिन अब्दुल मलिक याच्याकडे निघाले होते. हिशामने हिजरी १०५ ते १२५ या काळात राज्य केले. वाटेत त्यांना गाढवावर बसलेला एक काळा वृद्ध दिसला. अंगात जाडाभरडा सदरा, वर जीर्ण झगा, डोक्याला चिकटून बसलेली टोपी आणि रिकिबी लाकडाच्या. उस्मानला हसू आवरेना. हा कोण, असे त्याने पित्याला विचारले. पित्याने त्याला गप्प केले आणि सांगितले की हे हिजाजच्या विद्वानांचे अग्रणी अता बिन अबी रबाह आहेत. मग पिता खाली उतरला, ते वृद्धही उतरले, दोघांनी गळाभेट घेतली आणि सगळे मिळून राजवाड्याकडे निघाले.

दरबारात हिशामने त्यांना आपल्या आसनावर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसवले. सरदार-दरकदार बोलत होते ते गप्प झाले. काय काम काढलेत, असे हिशामने विचारले. अता (रहि.) यांनी मक्का व मदीनेच्या रहिवाशांचे वेतन व धान्य मागितले. ते मंजूर झाले. आणखी काही? हिजाज आणि नज्दच्या लोकांकडून वसूल झालेल्या दानातील शिल्लक त्यांच्याचकडे परत जावी. मंजूर. आणखी काही? सीमेवर पहारा देणाऱ्यांची रसद. मंजूर. आणखी काही? राज्यातील मुस्लिमेतर प्रजेवर झेपणार नाही इतका कर लादू नये. तेही लिहून झाले. आणखी काही, असे पुन्हा विचारले गेले, तेव्हा त्यांनी हिशामला अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले. तू एकटा जन्मलास, एकटा मरशील, एकटाच उठवला जाशील आणि आज समोर दिसणाऱ्यांपैकी एकही त्या वेळी तुझ्यासोबत नसेल. हिशाम मान खाली घालून रडू लागला आणि अता (रहि.) उठले.

ते दारापाशी पोहोचले तोच एक माणूस थैली घेऊन धावत आला. खलीफाने ही आपल्यासाठी दिली आहे, असे तो म्हणाला. त्यांनी ती घेतली नाही. तेथे त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही.

ही सर्व हकिगत आपल्यापर्यंत पोहोचली ती उस्मानच्या तोंडून. वाटेत त्या वृद्धाला पाहून आपण हसलो होतो, हे सांगायला तो विसरला नाही.